बर्फाच्या पेटीतले जंतू

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत मला नोकरी लागली तेव्हा बोईसरमध्ये एकट्या मुलीला कुणी खोली देईना. खोल्या होत्या, पण घरमालक मला वरून खालपर्यंत न्याहाळायचे आणि विचारायचे, "सोबत कोण आहे?" सोबत कोणीच नव्हतं. मी सांगलीकडची. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या मुलीनं पुढे करायचं तरी काय, हा प्रश्न आमच्या घरात बरेच दिवस घोळत होता. त्याला हे एक उत्तर सापडलं म्हणून वडिलांनी मला इतक्या लांब पाठवलं. शेवटी बोईसरच्या बाजारात मासळी विकणाऱ्या एका बाईनं माझी अडचण ऐकली आणि टोपली डोक्यावर घेता घेता ती म्हणाली, "चल माज्या घरी. पडवी रिकामी हाय. पन वास येल मासलीचा. मग बोलायचा नाय."

घर घिवलीच्या अलीकडे, एका मच्छीमार वस्तीत होतं. पडवीला फळ्या ठोकून केलेली माझी खोली आणि समुद्र यांच्यामध्ये बोंबील वाळत घालायचे बांबू तेवढे होते. त्या बाईंना मी मावशी म्हणायचे. त्यांचे यजमान कधीच गेले होते. मुलगा बोटीवर असायचा, निघाला की बरेच दिवस परत यायचा नाही. घरात मावशी, माझ्याच वयाची त्यांची सून आणि नुकती दुडदुडू लागलेली नात. ही नात दिसेल ते तोंडात घालायची. शिंपले, कोळसा, जाळ्याची दोरी, काहीही.

समुद्राची मला सुरुवातीला फार भीती वाटायची. भरतीचा आवाज आला की वाटायचं, पाणी खाटेखाली आलं. ती भीती काही दिवसांत गेली. कारखान्यातली मात्र गेली नाही.

ही ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. आमच्या कारखान्यात क जीवनसत्त्व तयार व्हायचं. गोळी आंबट असते, म्हणून लोकांना वाटतं की ते लिंबातून नाहीतर आवळ्यातून काढत असतील. तसं नव्हतं. ग्लुकोजपासून केलेला एक गोड पाक मोठाल्या टाक्यांत भरायचा, त्यात जंतू सोडायचे, खालून हवा फुंकत राहायची. ते जंतू त्या पाकाचं एका वेगळ्या साखरेत रूपांतर करायचे. तिथून औषधापर्यंतचा रस्ता मात्र रसायनांचा. ॲसिटोन, आम्लं, आगीची धास्ती, नाकाला झोंबणारे वास. आमच्या साहेबांचं म्हणणं असं की जो जंतू अर्धा रस्ता चालतो त्याला आणखी थोडं चालायला शिकवता आलं पाहिजे. त्यासाठीच त्यांनी प्रयोगशाळेत मला घेतलं होतं.

हा जंतू काही परका नव्हता. ताडी उतरवून ठेवली की उन्हं चढेपर्यंत ती आंबट होते, ते करणारा याच्याच कुळातला. वाणगावकडे ज्यांनी ताडी प्यायली आहे, त्यांनी तो पोटभर प्यायला आहे. त्याची भीती मला कधी वाटली नाही. भीती होती ती त्याला शिकवण्याच्या रीतीची. काळ्या कागदात गुंडाळलेल्या एका बाटलीत पिवळसर पूड असायची. तिचं पाणी जंतूंवर घातलं की बहुतेक मरायचे. जे उरायचे त्यांच्यापैकी काहींच्या बीजातच फेरफार झालेला असायचा. बहुधा वाईट, क्वचित आपल्या उपयोगाचा. उरलेले काचेच्या बशांमध्ये वाढवायचे, एकेक ठिपका उचलून तपासायचा, जो इतरांहून थोडं जास्त काम करील तो राखून ठेवायचा आणि त्याच्यावर पुन्हा तीच पूड. साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ही जंतूंना जे करते ते माणसालाही करू शकते. हातमोज्याशिवाय बाटलीला शिवायचं नाही. आणि विसरलीस तर मला सांगायचं, लपवायचं नाही." मी विसरले कधीच नाही. उलट कारखान्यातून निघताना कोपरापर्यंत हात धुवायचे, घरी आल्यावर पुन्हा धुवायचे, आणि जेवायला बसले की डाव्या हाताकडेसुद्धा संशयानं पाहायचे.

आणखी एक जंतू होता. साहेबांनी तो खाडीच्या चिखलातून वेगळा केला होता. एकटा असला की आमच्या कामाचं तो काहीच करायचा नाही. पण ताडीच्या जंतूबरोबर त्याला वाढवलं की ताडीवाला दुप्पट जोमानं काम करायचा. का, ते आम्हाला नीट कळलं नव्हतं. त्याचं नेमकं नावही ठरलं नव्हतं. कुळ कळलं होतं, आणि त्या कुळात निरुपद्रवी जसे आहेत तसे शिळ्या भातातून माणसाला ओकाऱ्या काढायला लावणारेही आहेत. हा त्यातला कोणता, हे पाहायचं राहूनच गेलं होतं. टाकीत घालण्याआधी पाहू, असं साहेब म्हणायचे.

अशा कामात दीड-दोन वर्षं गेली आणि आमच्याकडे मूठभर चांगल्या नळ्या जमल्या. बोटाएवढ्या काचेच्या नळ्या, तोंडाला कापसाचं बूच, आत तिरका थिजवलेला पांढरा गोडसर थर आणि त्यावर वाढलेले जंतू. त्या फ्रिजमध्ये असायच्या. त्या उन्हाळ्यात कामगारांचा आणि मालकांचा तंटा पेटला आणि एका सकाळी फाटकावर टाळेबंदीची नोटीस लागली. आत असलेल्यांना दुपारपर्यंत बाहेर पडायला सांगितलं. वीज तोडणार होते.

साहेबांना त्याच दिवशी मुंबईच्या कचेरीत बोलावणं आलं होतं. त्यांनी सगळ्या नळ्या बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात कापसात गुंडाळून बसवल्या आणि डबा माझ्या हातात दिला. "गरमीत चार दिवस टिकणार नाहीत. कुठेतरी थंडाव्यात ठेव. मी परत आलो की घेईन."

"सर, मी कुठे ठेवू? माझ्याकडे फ्रिज नाही."

"माझ्याकडेही असता तर तुला दिला असता का डबा?" ते म्हणाले. ते कधी आवाज चढवायचे नाहीत, पण त्या दिवशी डब्याचं झाकण त्यांनी दोनदा दाबून पाहिलं.

फाटकाबाहेर कामगारांची गर्दी होती. आतून काही बाहेर जाऊ द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. मी डबा जेवणाच्या पिशवीत घालून वर टॉवेल टाकला होता. एकानं हात आडवा केला. "मॅडम, थैली में क्या है?"

"खाना," मी म्हटलं.

"खाना खाया नहीं आज?"

"तबीयत ठीक नहीं."

माझा चेहरा पाहून त्याला ते पटलं असावं. तो बाजूला झाला. बोईसरच्या नाक्यापर्यंत मी मागे वळून पाहिलं नाही.

थंडावा मला एकच ठाऊक होता. मावशींच्या मागच्या दारी मासळीसाठी बर्फाची मोठी लाकडी पेटी होती. बर्फाचा टेम्पो एक दिवसाआड यायचा. मी मावशींना विचारलं, पेटीच्या एका कोपऱ्यात माझा डबा राहील का?

"काय हाय त्यात?"

"कारखान्याचं विरजण आहे, मावशी. औषधाचं. तापलं तर मरेल."

"विरजन? मग ठेव की," त्या म्हणाल्या आणि पापलेटं बाजूला सारून त्यांनी स्वतःच जागा केली.

विरजण म्हटलं ते मला खोटं वाटलं नव्हतं. आजही वाटत नाही. दह्याचं विरजण म्हणजे जंतूच. पण त्यांच्याच भाषेतला शब्द वापरला म्हणून तेव्हा निभावून गेलं, आणि नंतर त्याच शब्दानं घात केला.

साहेब चार दिवसांत आले नाहीत. आठवडा उलटला. मी रोज सकाळी पेटीचं झाकण उघडून डबा जागेवर आहे ना ते पाहायचे. एका सकाळी मी विहिरीवर गेले असताना टेम्पो आला. नवा बर्फ भरण्यासाठी मावशींनी पेटी रिकामी केली, माझा डबा ओट्यावर ठेवला आणि वर ओलं फडकं टाकलं. सून बोंबील उलटायला गेली होती. मी कळशी घेऊन परत आले, तर ओट्याच्या कडेला डबा उघडा, झाकण खाली, आणि नात ओट्याखाली मांडी घालून बसलेली, कापसाचं बूच एका मुठीत आणि नळीचं तोंड तिच्या तोंडात. हनुवटीवर पांढरं काहीतरी माखलेलं. तिला ते गोड लागलं असणार. मला पाहून ती हसली.

कळशी कुठे पडली ते मला आठवत नाही. मी नळी ओढून घेतली, तिच्या तोंडात बोट घालून जेवढं निघेल तेवढं काढलं, चूळ भरायला लावली. तिला चूळ कळायची नाही, ती पाणी गिळतच होती. मग मी नळी उजेडात धरली. नळीवर शाईनं खूण केलेली असायची. डब्यात बर्फाचं पाणी शिरलं होतं. खुणेच्या जागी निळा डाग होता. सगळ्याच नळ्यांवर निळे डाग होते.

म्हणजे तिनं काय खाल्लं होतं ते मला माहीत नव्हतं. ताडीवाला की चिखलातला?

मावशी आधी हसल्या. "विरजन चाटला पोरीनं. काय होते? दही नाय खात?"

"मावशी, ते दह्याचं नव्हतं."

"तूच बोललीस ना?"

"हो. पण त्यात दोन जातींचे जंतू होते. एकानं काही होत नाही. दुसऱ्याचं मला सांगता येत नाही."

"सांगता येत नाय म्हंजे?"

त्यांचं हसू हळूहळू मावळत गेलं. तेवढ्यात सून आली. कुणी काही सांगायच्या आत तिनं मुलीला उचललं आणि आमच्या दोघींच्या तोंडांकडे पाहिलं. मी तिला सगळं सांगितलं. जेवढं मला माहीत होतं तेवढं, आणि जे माहीत नव्हतं तेही. ती पदरानं मुलीचं तोंड पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

जेवणाच्या वेळेआधीच मुलीला पहिली उलटी झाली. मग दुसरी. मग ती रडायचीही थांबली आणि आईच्या खांद्यावर कापडासारखी पडून राहिली. शिळ्या भाताचा जंतू पोटात गेला तर काही तासांतच ओकाऱ्या सुरू होतात, हे परीक्षेत मी लिहिलं होतं. त्याला गुण मिळाले होते.

बर्फाचा टेम्पो अजून वस्तीतच होता. मावशींनी ड्रायव्हरला हात धरून आणलं. मी ती नळी कापसाचं बूच घट्ट बसवून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि पर्समध्ये ठेवली. डबा तसाच ओट्यावर राहिला. टेम्पो बर्फ टाकायला पालघरकडेच निघाला होता. सून पुढे ड्रायव्हरशेजारी बसली, मी मागे ओल्या भुशात. मधल्या जाळीतून मला मुलीचा एक पाय दिसायचा. खड्डा आला की तो हलायचा. खड्डा नसला की हलायचा नाही. सगळा रस्ता मी खड्ड्यांची वाट पाहत होते.

पालघरला मुलांच्या एका डॉक्टरांचं छोटं इस्पितळ होतं. वयस्कर गृहस्थ, बोलताना चष्म्यावरून पाहायचे. त्यांनी मुलीचं पोट दाबलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या. अंग तापलं होतं.

"काय खाल्लं?"

मी सांगू लागले. त्यांनी मध्येच थांबवलं. "जंतूचं नाव सांगा."

"एकाचं सांगते. दुसऱ्याचं अजून ठरलं नाही."

"ठरलं नाही?" ते माझ्याकडे पाहत राहिले. "ज्याचं नाव ठरलं नाही ते घरात ठेवता?"

माझ्या शेजारी सून उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"बरं," ते म्हणाले, "सलाईन लावतो. तुम्ही एक करा. दोघांतला कोणता गेला एवढं तरी मला शोधून आणा. तुमच्याकडे सूक्ष्मदर्शक असेल."

आमचा सूक्ष्मदर्शक टाळ्याआड होता. पण पालघरात कॉलेज होतं. रिक्षा सापडेना म्हणून मी भर उन्हात चालत, मग धावत गेले. सुट्ट्या लागल्या होत्या. सगळे वर्ग बंद. स्टाफरूममध्ये वनस्पतिशास्त्राच्या एक बाई उत्तरपत्रिका तपासत बसल्या होत्या. मी धापा टाकत काय सांगितलं कोण जाणे, पण त्या हातातलं पेन टाकून उठल्या आणि प्रयोगशाळेचं कुलूप त्यांनी स्वतः काढलं.

तारेनं नळीतलं थोडं काचपट्टीवर घेतलं, सुकवलं, निळा रंग घातला. हजार वेळा केलेलं काम. त्या दिवशी काचपट्टी दोनदा हातातून पडली. शेवटी बाईंनीच ती धरली. भिंगाला डोळा लावण्याआधी मी मनात म्हणत होते, बारीक असू दे. ताडीचा जंतू बारीक, आखूड, ठिपक्यासारखा. बारीक असू दे.

बारीक नव्हते. जाड जाड कांड्यांच्या लांब माळा होत्या, आणि जवळजवळ प्रत्येक कांडीत रंग न चढलेला एक चकाकणारा दाणा. चिखलातला. तो दाणा म्हणजे त्याचं बीज, उकळत्या पाण्यालाही बराच वेळ दाद न देणारं.

"काय दिसलं?" बाईंनी विचारलं.

मी नळी पुन्हा पिशवीत गुंडाळली. मी उठले. त्यांनी माझा खांदा धरून मला पुन्हा स्टुलावर बसवलं आणि पाणी दिलं. "पोर जिवंत आहे ना? मग जा लवकर," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी ऐकून मान हलवली, काहीतरी लिहिलं, सुईवाल्या कंपाउंडरला काहीतरी सांगितलं. ती नळी मी त्यांच्याच हवाली केली. सुया उकळायच्या दाबाच्या भांड्यात ती घाला आणि चांगला वेळ ठेवा, एवढंच सांगितलं. मग मी त्या खाटेच्या पायथ्याशी बसले.

भीती एका जागी राहत नाही. आधी मुलगी जाईल ही भीती होती. मग तिचा बाप बोटीवरून येईल आणि त्याला कुणी काय सांगेल ही. मग वस्तीतली माणसं, मग कारखाना. डबा बाहेर नेला म्हणून चोरीचा आळ आला तर? वडिलांना तार गेली तर? आणि या सगळ्यांच्या तळाशी आणखी एक होती, ती मी कुणालाच सांगितली नाही. त्या डब्यातल्या जंतूंवर आम्ही ती पिवळी पूड वापरली होती. पूड केव्हाच धुऊन गेलेली असते, नळीत तिचा कणही राहत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. पण चिखलातल्या जंतूवरही साहेबांनी ती एकदा वापरून पाहिली होती. ज्याचा आधीच ठावठिकाणा नाही त्यात आपण आणखी काय फिरवून ठेवलं असेल? आम्ही फक्त एकच गोष्ट तपासायचो, पाकाचं काम वाढलं की नाही. बाकी तो काय शिकला, हे कुणी पाहिलं होतं?

उलट्या दुसऱ्या दिवशी थांबल्या. मला वाटलं, सुटलो. पण ताप चढतच गेला. मग खोकला लागला, नाक वाहू लागलं, डोळे लालभडक झाले. प्रत्येक नव्या लक्षणाला मी मनातल्या मनात त्या जाड कांड्यांशी जोडत होते. रक्तात गेला. छातीत गेला. आता डोळ्यांत. सून मुलीच्या कपाळावर ओली घडी ठेवायची आणि माझ्याकडे पाहायची नाही. मी पाणी आणून दिलं तर घ्यायची, पण पेला खाली ठेवल्यावर. माझ्या हातातून नाही.

त्या दिवशी मावशी भाताचा डबा घेऊन आल्या. नातीजवळ बसल्या, तिच्या तळपायांना खोबरेल चोळलं. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, "तो तुजा डबा मी चुलीत घातला. सगला. कापसासकट. नल्या फुटल्या फटाफट."

दोन वर्षांचं काम होतं ते. मला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच आठवलं, आता साहेबांना तोंड दाखवायचं होतं. मी म्हटलं, "बरं केलंत, मावशी." त्यांनी मान वर करून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मी खरं बोलते की नाही ते बघत असाव्यात.

पुढच्या सकाळी डॉक्टर फेरीला आले. मुलीचं तोंड उघडून त्यांनी गालाच्या आतल्या बाजूला विजेरी मारली आणि बराच वेळ पाहत राहिले. मग सुनेला विचारलं, "वाडीत कुणाला गोवर आलाय का?"

"तीन-चार पोरांना आलाय. पन दोन आठवडे झाले."

"मग बरोबर आहे. हिलाही आलाय. आत ठिपके दिसतायत, उद्यापर्यंत अंगावर फुटेल."

दुसऱ्या दिवशी कानामागे, मग कपाळावर, मग सगळ्या अंगावर लाल पुरळ उठलं. गोवर. गावोगाव येतो तो, माझ्या लहानपणी मला आलेला, ज्याला नाव आहे तो गोवर. मला एकदम हसू फुटलं आणि त्याबरोबर डोळ्यांतून पाणी. तोंडावर पदर दाबला तरी आवाज थांबेना.

"हसतेस काय गो?" सून म्हणाली. इतक्या दिवसांतलं तिचं माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

फेरीला आलेले डॉक्टरही माझ्याकडे वळले. "हसू नका. गोवरानं कितीतरी पोरं जातात. अशक्त झालीय ती. छाती भरली तर अवघड होईल." माझी सुटका होऊन जेमतेम घटका झाली असेल, तोवर त्या शब्दांनी ती पुन्हा काढून घेतली. छाती थोडी भरलीही. दोन दिवस मुलीचा श्वास घरघरत होता. आम्ही तिघी आळीपाळीनं तिला उभी धरून बसायचो. म्हणजे त्या दोघी धरायच्या. मी उश्या सरकवायचे.

मग ताप उतरला. एके दुपारी तिनं पेज मागितली.

सुरुवातीच्या उलट्या नळीतल्या जंतूमुळे झाल्या की येऊ घातलेल्या गोवरामुळे, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "मला सांगता येणार नाही." माझेच शब्द त्यांच्या तोंडून ऐकून मला कसंतरी झालं. मलाही ते आजतागायत सांगता आलेलं नाही.

आम्ही घरी आलो तोवर वस्तीत बातमी आमच्या पुढे पोचली होती. पडवीतली बाय जंतू पाळते. विहिरीवर मी गेले की बायका कळश्या उचलून मागे सरकायच्या. एका म्हाताऱ्यानं ओट्यावर येऊन मावशींना सांगितलं की वस्तीतल्या सगळ्या पोरांचा गोवर हिनंच आणला, हिला घालवून दे. मी फळीमागे उभी राहून ऐकत होते. सामान म्हणजे एक ट्रंक, ती मी आधीच भरून ठेवली होती.

"गोवर हिच्या येन्याच्या आदी नव्हता काय?" मावशी म्हणाल्या. "माजे दोन पोरगे गोवरानंच गेले. तवा कोन होती पडवीत?"

म्हातारा निघून गेला. मावशींची दोन मुलं गोवरात गेली होती हे मला तेव्हा कळलं. त्या इस्पितळात नातीच्या तळपायांना तेल चोळत बसल्या होत्या तेव्हा त्यांच्या मनात काय चाललं असेल, याचा मी एकदाही विचार केला नव्हता. मी बाहेर येऊन काही बोलणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तू रव. पन कारखान्यातला काय बी आनायचा नाय. आनि पोरीला हात लावायचा नाय."

टाळेबंदी उठली. साहेब परत आले होते. मी त्यांच्या टेबलासमोर उभी राहून सगळं सांगितलं.

"सगळ्या?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या."

ते उठून खिडकीशी गेले. मग इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या खोलीतली माणसं दारात आली. विरजण म्हणालीस? ओट्यावर? पोराबाळांच्या घरात? मी रडले नाही, कारण ते जे ओरडत होते ते सगळं मी त्या खाटेपाशी बसून स्वतःला आधीच म्हटलं होतं. दम लागला तेव्हा ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पोरगी कशी आहे आता?" मी सांगितलं. त्यांनी वर कळवलं की वीज गेल्यामुळे नळ्या मेल्या. त्या प्रसंगाचा उल्लेख त्यांनी पुन्हा केला नाही, आणि चिखलातल्या जंतूला त्यांनी पुन्हा प्रयोगशाळेत आणलं नाही.

आम्ही वाणगावकडून ताजी ताडी आणून पहिल्यापासून सुरुवात केली. थोडं पुढेही गेलो. पण अख्खा रस्ता जंतूंकडून चालवून घ्यायचं साहेबांचं स्वप्न काही पुरं झालं नाही. नव्वदच्या दशकात परदेशातून स्वस्त माल येऊ लागला आणि तो विभागच बंद पडला, तोवर मी दुसरीकडे गेले होते. त्या काळ्या कागदातल्या बाटलीला मात्र मी कारखान्यात असेपर्यंत हात लावत राहिले. दर वेळी हातमोजे घालताना बोटं गार पडायची.

पावसाआधीच्या शेवटच्या फेरीवरून बोटी परतल्या तो दिवस मला आठवतो. किनाऱ्यावर लिलावाची आरडाओरड चालली होती. मावशींचा मुलगा आला होता. त्याला घरच्यांनी काय सांगितलं होतं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी लांब, वाळत घातलेल्या जाळ्यांपाशी उभी होते. सून टोपल्या धरत होती. मावशींच्या कडेवर नात होती, अंगाची साल निघून नवी कातडी आलेली, आणि समोर कुणीतरी घोळ माशाचा भाव पाडत होतं. मावशींना दोन्ही हात हवे होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, वाळू तुडवत माझ्यापर्यंत आल्या आणि पोरीला माझ्या अंगावर टाकून लिलावाकडे पळाल्या.

मी तिला धरून उभी राहिले. हात मी सकाळपासून कितीदा धुतले होते, तरी ते आधी तिच्यापासून दूरच ठेवले आणि कोपरांनीच तिला सावरलं. ती घसरू लागली तेव्हा नीट धरली. थोड्या वेळानं तिनं माझ्या खांद्यावर डोकं टाकलं आणि झोपली. लिलाव संपेपर्यंत मी जागची हलले नाही. सगळा वेळ कान तिच्या तोंडाशी नेऊन तिचा श्वास नीट चालला आहे ना, ते ऐकत होते.